जुनी एसयूव्ही मोहिमेसाठी बांधताय? आरसी, परवानगी आणि अर्ज कुठे अडतो

जुनी स्कॉर्पिओ फोर बाय फोर किंवा सफारी स्टॉर्म घ्यायची, थोडे पैसे टाकून ती स्पिती-लडाखला बायकापोरांसकट जाईल अशी बांधायची, हा बेत हल्ली बऱ्याच घरांत शिजतो. गॅरेजचं काम कसंही निभावतं. रखडतं ते आरटीओत, आणि रखडण्याची नेहमीची कारणं दोन. एक तर गाडी विकणाऱ्याच्या नावावरच नसते. नाहीतर आधी बदल करून घेतात आणि मग परवानगी मागायला जातात. म्हणून सुटे भाग घेण्याआधी आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) हातात घ्या. पुढचं सगळं तिच्यावर काय छापलंय यावर ठरतं.

कुठली गाडी घ्यावी, कुठली सोडावी

जुन्या एसयूव्ही तीन-चार हात फिरलेल्या असतात आणि आरसीवर अजून पहिल्याच मालकाचं नाव असतं. मधल्या सगळ्यांनी टीटीओच्या (मालकी बदलाच्या) कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी पुढे ढकललेली असते. एजंट म्हणतो, "फॉर्म सही केलेले आहेत, काही टेन्शन नाही." टेन्शन आहे. अर्ज आता सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरून जातो आणि ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर बंद असेल किंवा पहिला मालक परगावी असेल, तर सही केलेले फॉर्म घरी जपून ठेवण्यापलीकडे काही उपयोग नाही. सही जुळत नाही म्हणून मालकाला समक्ष बोलावतात ते वेगळंच. आरसीवर ज्याचं नाव आहे तो माणूस फोनवर बोलत असेल, त्याचा ओटीपी तुमच्यासमोर येत असेल, तरच टोकन द्या. मूळ मालक वारला असेल तर मालकी बदलाचे फॉर्म २९-३० चालत नाहीत. आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी व्हावी लागते, मग तुमच्या.

दुसरी अडचण बोजाची. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. बोजा उतरवायला बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ आणि एनओसी लागते. विकणाऱ्याकडे ती असते, पण जुनी. बँका एनओसीवर मुदत घालतात, बहुधा ३ महिन्यांची, त्यामुळे २०१६ साली मिळालेला कागद खिडकीवरून परत येतो. नवी मागायला गेलं तर ती बँकच उरलेली नसते. आरसीवर देना बँक असेल तर बँक ऑफ बडोदाकडे जायचं (विलीनीकरण १ एप्रिल २०१९), आंध्रा बँक किंवा कॉर्पोरेशन बँक असेल तर युनियन बँकेकडे (१ एप्रिल २०२०). जुना कर्ज खाते क्रमांक मिळाला तर काम लवकर होतं, नाहीतर शाखेत चकरा. हे काम विकणाऱ्याचं आहे, व्यवहाराआधीचं आहे. "नंतर करून देतो" या बोलीवर पैसे देऊ नका.

तिसरी गोष्ट मेकॅनिकला नाही, तुम्हाला बघायची आहे. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी अक्षर-अंकानिशी जुळतात का? डोंगरात राबलेल्या गाडीचं इंजिन कधीतरी बदललेलं असतं आणि त्याची नोंद कुणी केलेली नसते. कोकणातल्या गाड्यांचा चेसिस नंबर गंजाने अर्धा खाल्लेला असतो. कागद ठेवून पेन्सिल फिरवा. सगळे अंक उमटले नाहीत तर तपासणीत तुम्हीही अडकणार.

थकलेली ई-चलनं भरून घ्या, २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षेची नंबरप्लेट) बसलेली आहे का पाहा. दोन्हींपैकी काहीही राहिलं तर नाव बदलण्याचं काम थांबतं.

परराज्यातली गाडी

जुन्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे दिल्ली-एनसीआरमधल्या एंडेव्हर आणि पजेरो इकडे स्वस्त वाटतात. तिथले नियम इतके वेळा फिरले आहेत की विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. फॉर्म २८ ची एनओसी हातात आल्याशिवाय गाडी ट्रेलरवर चढवू नका. एनओसीवर कुठल्या आरटीओचं नाव आहे तेही वाचा. तुम्ही राहता पिंपरीत आणि एनओसी निघाली पुण्याच्या नावाने, तर एमएच १४ च्या कार्यालयात अर्ज घेत नाहीत, कागद दुरुस्तीला परत दिल्लीला. इथे आल्यावर फॉर्म २७ ने नवा नंबर घ्यायचा आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर भरायचा. डिझेलला हा कर पेट्रोलपेक्षा जास्त आहे. गाडीची किंमत ठरवताना तो धरलेला नसतो, आणि मग टायर-सस्पेन्शनसाठी ठेवलेले पैसे तिकडे जातात.

मुदती

राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विमा कंपनीला मात्र १४ दिवसांतच. लोक ३० आकडा लक्षात ठेवतात आणि विमाही तेव्हाच बदलू म्हणतात. तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर आपोआप तुमच्याकडे येतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असताना गाडी घाटात कलंडली तर दावा नामंजूर होतो. नो क्लेम बोनसही विकणाऱ्याचाच राहतो, तेवढा फरक तुम्हाला भरावा लागतो.

अर्जाबरोबर फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांची ओळखपत्रं आणि तुमचा पत्त्याचा पुरावा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि इथे फारसं कुणी अडत नाही.

बदलाची परवानगी: कलम ५२ काय म्हणतं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसीवरची माहिती विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शब्द 'प्रत्येक बदलामागे' आहेत. तीन गोष्टी बसवल्या असतील तर हिशोब १५,००० चा.

या कलमातले १४ दिवस सर्वांत जास्त चुकीचे वाचले जातात. ती आधी परवानगी घेऊन केलेला बदल आरसीवर नोंदवण्याची मुदत आहे. बदल करून टाका आणि १४ दिवसांत कळवा, असा तिचा अर्थ नाही. परवानगीशिवाय केलेला बदल स्वतः जाऊन सांगितलात तर तुम्ही नोंद करत नसता, कबुली देत असता.

गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमतीही लागते. हे कागद कुणाकडेच नसतात, कारण मागावे लागतात हेच कुणाला माहीत नसतं.

आता एकेक वस्तू.

टायर. उत्पादकाने त्या मॉडेलच्या कुठल्याही प्रकाराला दिलेला आकार बसवलात तर प्रश्न येत नाही. दाराच्या खांबावरचं स्टिकर आणि मालकाची पुस्तिका हे दोन पुरावे जवळ ठेवा. समजा मूळ टायर २३५/७० आर१६ आहे, उंची ७३५ मिमी. गॅरेजवाला हमखास २४५/७५ आर१६ सुचवतो, त्याची उंची ७७४. म्हणजे सव्वापाच टक्के वाढ: मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ वर असते, आणि एवढं करून जमिनीपासूनची उंची वाढते फक्त १९ मिमी. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या फ्लॅपला घासू शकतो. त्यापेक्षा २४५/७० आर१६ बघा. ७४९ मिमी, फरक दोन टक्के. तरी तो तुमच्या मॉडेलच्या यादीत आहे का ते तपासाच. भार निर्देशांक मूळच्यापेक्षा कमी नको: १०४ म्हणजे टायरमागे ९०० किलो, १०६ म्हणजे ९५०, १०९ म्हणजे १,०३०. ऑल टेरेन टायर घेताना नक्षी बघतात, हा आकडा कुणी बघत नाही.

सीट. आरसीवर आसनक्षमता ७ असेल आणि मागची रांग कायमची काढून तिथे पलंग ठोकलात, तर आरसी आणि गाडी जुळत नाहीत. घरगुती गाडीचा कॅराव्हॅन (फिरतं घर) करायला वेगळं मानक आहे (एआयएस १२४), ते गॅरेजमधल्या प्लायवूडला लागू करून घेणं अशक्य. वाट साधी आहे: सीट जागेवर ठेवा, दुमडा, वर १२ मिमी प्लायचा दोन तुकड्यांचा पाट ठेवा, मूळच्या हुकांना पट्ट्यांनी आवळा. पासिंगच्या दिवशी दहा मिनिटांत निघतो. सीटबेल्टचे बोल्ट कधीही काढू नका.

बुल गार्ड, म्हणजे बंपरपुढचा लोखंडी कठडा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने राज्यांना कळवलं की हे कलम ५२ च्या विरोधात आहेत. तरी ऑनलाइन खुलेआम विकले जातात, म्हणून लोकांना चालत असावं असं वाटतं. विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) हवीच असेल तर मूळ बंपरच्या मागे लपणारा माउंट चेसिसला बोल्टने बसवावा. पण कुटुंबाच्या गाडीला विंचपेक्षा पुढे-मागे चेसिसला पक्के बसवलेले दोन हुक, ४.७५ टन भाराचे दोन शॅकल (जोडकड्या) आणि ताणला जाणारा दोर जास्त उपयोगी पडतो. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर लावू नका, तो तुटून काचेतून आत येतो.

दिवे. केंद्रीय मोटार वाहन नियम १११ पुढे शोधदिवा लावायला मनाई करतो, नोंदणी अधिकाऱ्याने खास परवानगी दिली तरच अपवाद. छतावरची एलईडी पट्टी त्यामुळे सरळ चलनाच्या रांगेत बसते. कव्हर घातलं की चालतं, ही ऐकीव गोष्ट.

रंग. रंग आरसीवर असतो, म्हणून आधी परवानगी आणि मग नोंद. मोहिमेच्या गाडीला सगळ्यांना लष्करी हिरवा हवा असतो. नियम १२१ ने तो संरक्षण दलासाठी राखून ठेवला आहे. अर्ज करून वेळ घालवू नका.

उंची वाढवणं. लिफ्ट किटला खासगी गाडीत मंजुरी मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटपासून दूर राहा. मूळ उंचीच्याच पण जाड तारेच्या स्प्रिंग आणि चांगले शॉक ॲब्सॉर्बर घाला. भार टाकल्यावर गाडी बसत नाही, हवा असतो तो परिणाम हाच. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत उंची वाढवली की सीव्ही जॉइंटचा (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) कोन वाढतो, रबरी बूट फाटतात आणि दुरुस्ती खर्डुंग ला खिंड चढताना काढावी लागते.

वजनाचं गणित कुणी मांडत नाही. स्टीलचा बंपर ४०, विंच ३५, कॅरिअर २५, छतावरचा तंबू ५५, ड्रॉवर ५०, पाणी ४०, दुसरी बॅटरी २५. झाले २७० किलो, म्हणजे चार माणसं, आणि घरची माणसं अजून बसायची आहेत. सामान भरून गाडी एकदा वजनकाट्यावर घाला, उत्पादकाने दिलेल्या कमाल वजनाशी ताडून पाहा. छतावर किती चालतं ते पुस्तिकेत असतं आणि चालत्या गाडीसाठीचा आकडा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

विमा कंपनीला काय सांगायचं

कंपनीने न बसवलेली विजेची उपकरणं (कॉम्प्रेसर, फ्रीज, वायरलेस) आयएमटी २४ या जोडकलमाखाली वेगळी नोंदवता येतात. जुन्या मोटार दरपत्रकात त्यासाठी किमतीच्या ४ टक्के प्रीमियम होता. बिलं लागतात, कच्च्या पावत्या नाहीत. दुसऱ्या बॅटरीची तार १६ चौ. मिमीची घ्या आणि फ्यूज बॅटरीपासून एका हाताच्या आत बसवा. मूळ हार्नेस (तारांची जुडी) कापून जोड दिलेला असेल तर आग लागल्यावर सर्व्हेअर पहिल्यांदा तोच जोड शोधतो. नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही, इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. शर्यती आणि क्षमता चाचण्या पॉलिसीतून वगळलेल्या असतात, त्यामुळे ऑफ-रोड स्पर्धेत उतरण्याआधी ते कलम वाचा.

पंधरा वर्षांचं पासिंग

२०१० ते २०१२ च्या गाड्या आत्ता याच टप्प्यावर आहेत. १५ वर्षं उत्पादनाच्या महिन्यापासून नव्हे, नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. आरसीवर 'वैधता' म्हणून ती छापलेली असते. फॉर्म २५ चा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करायचा, त्याआधी पोर्टल घेत नाही, आणि नंतर दर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क. हरित कर भरल्याशिवाय पुढची पायरी उघडत नाही. मुदत संपलेली गाडी नूतनीकरणाशिवाय नावावरही होत नाही, त्यामुळे दोन-तीन महिने उरलेली गाडी घेताना नूतनीकरण विकणाऱ्याकडूनच करून घ्या.

पासिंगला जाताना छतावरचा कॅरिअर, पाट, जादा दिवे, बाहेर लटकवलेले डिझेलचे कॅन सगळं उतरवा. मूळ बंपर आणि मूळ रिम माळ्यावर जपून ठेवा, भंगारात देऊ नका. वायपर, हॉर्न, रिव्हर्सचा दिवा, स्टेपनी चालू स्थितीत हवीत. आदल्या दिवशी चेसिस नंबरवरचा चिखल रॉकेलच्या फडक्याने पुसा. तो वाचता आला नाही म्हणून रांगेतून परत पाठवलेल्या गाडीला पुन्हा नवी तारीख घ्यावी लागते.