थेऊरला पाठवायच्या गोळ्या

थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला, चिंतामणीच्या सान्निध्यात वारले. वय २७. पानिपताची जखम ओली असताना सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं अंगावर पडलेला हा तरुण. मराठ्यांच्या आधाराने शाहआलम बादशहा दिल्लीत परतला तोही १७७२च्याच जानेवारीत. उत्तरेत गेलेली पत परत आली आणि दहा महिन्यांत पेशवाच गेला. पुढच्या ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. माधवरावांचं अकाली जाणं मराठी राज्याला पानिपताइतकंच घातक ठरलं, अशा अर्थाचं मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ लिहून गेला आहे.

म्हणून आपल्याकडे हा जर-तर कधी शिळा होत नाही. माधवरावांच्या राजयक्ष्म्यावर, म्हणजे क्षयावर (टीबीवर), तेव्हा औषध असतं तर? याचं राजकीय उत्तर शोधणारे पुष्कळ आहेत. वैद्यकीय उत्तर मात्र आपण गृहीतच धरतो: चार गोळ्या दिल्या असत्या की झालं.

आधी रोग कोणता ते ठरवू. माधवरावांना आतड्यांचा क्षय होता असं मानलं जातं. क्षयाचे जंतू स्वतःच्याच बेडक्यासोबत गिळले जातात किंवा बाधित जनावराच्या कच्च्या दुधातून पोटात जातात. लहान आतडं मोठ्याला मिळतं तो सांधा ही त्यांची लाडकी जागा. तिथे व्रण पडतात, भिंत जाड होते, वाट अरुंद होत जाते. पोटात कळा, बारीक ताप, खाल्लेलं अंगी न लागणं. पण क्रोन्स नावाचा आतड्यांचा दुसरा एक आजारही जवळजवळ हेच सोंग घेतो. आज कोलोनोस्कोपी करून, म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून बघून, त्याचा तुकडा काढून तपासला तरी मुरलेले पोटविकारतज्ज्ञ या दोघांत फसतात. आणि ही चूक महागात पडते. क्रोन्सवर स्टिरॉइड देतात. क्षयाच्या रोग्याला क्षयाच्या औषधांविना नुसती तीच दिली तर रोग भडकतो. तेव्हा अडीचशे वर्षांमागच्या रोग्याचं निदान छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून जरा लांबच राहिलेलं बरं. इथे आपण परंपरेचा मान ठेवून क्षयच धरू.

दुसऱ्या रोग्याच्या बाबतीत चुटपुट आणखी मोठी, कारण तिच्या काळात मारेकरी सापडला होता. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीत बसल्या. फिलाडेल्फियात त्या वैद्यक शिकत होत्या तेव्हा क्षय कशाने होतो हे ठाऊक झालेलं होतं. मार्च १८८६मध्ये पदवी मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही ठरली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. एकविसाव्या वर्षी, क्षयानेच. खुनी पकडला गेला होता, पण फासाचा दोर वळायला अजून बराच अवकाश होता.

तो दोर १९४३मध्ये मिळाला. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सेलमन वाक्समनच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याला मातीतल्या एका जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. (नोबेल एकट्या वाक्समनला. शाट्झ त्याआधीच कोर्टात गेला होता, पण ती भाऊबंदकी वेगळी.)

मग हे इंजेक्शन काळाच्या उलट दिशेने आनंदीबाईंकडे पाठवलं तर? ब्रिटनमधल्या एका गाजलेल्या चाचणीत याचं उत्तर आहे. फुप्फुसाच्या क्षयाचे १०७ रोगी. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. सगळ्यांना हर्ष झाला. पण पाच वर्षांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा औषधवाल्यांतले ३२ गेले होते आणि विश्रांतीवाल्यांतले ३५. फरक जवळपास पुसला गेला होता.

असं का, तर क्षयाच्या पोकळीत कोट्यवधी जंतू असतात आणि साधारण दहा लाखांत एखादा जन्मतःच त्या औषधाला दाद न देणारा निघतो. बाकीचे मेले की त्याला रान मोकळं. रोगी आधी सुधारतो, वजन वाढतं, घरचे नवस फेडतात, आणि मग रोग उलटतो. तोड निघाली ती साध्या गणितातून. दोन वेगळी औषधं एकदम दिली तर दोन्हींना पुरून उरणारा जंतू दहा लाख गुणिले दहा लाखांत एक. तेवढे जंतू छातीत मावतच नाहीत.

इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेलला स्ट्रेप्टोमायसिन प्रत्यक्ष मिळालं होतं. १९४८मध्ये ओळखी लावून ते अमेरिकेहून स्कॉटलंडमधल्या रुग्णालयात मागवलं गेलं. त्याला ते सोसलं नाही. कातडी सोलवटली, तोंडात फोड आले, केस गळले. इंजेक्शनं थांबवावी लागली, हाताशी तितकं गुणकारी दुसरं काही नव्हतं, जानेवारी १९५०मध्ये तो वारला. आज एखादं औषध बाधलं तर डॉक्टर ते बदलून दुसरं देतात. त्याच्यापुढे तसा खात्रीचा पर्याय नव्हता.

म्हणजे पाठवायचाच झाला तर आजचा पूर्ण कोर्स पाठवायला हवा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने त्यांतली तीन. त्यासोबत एक चिठ्ठीही लागेल. लघवी केशरी होईल, घाबरू नये, तो या चारांतल्या रिफॅम्पिसिन नावाच्या औषधाचा रंग आहे. दोन-तीन आठवड्यांत ताप उतरेल, भूक लागेल. म्हणून गोळ्या सोडू नयेत. मोहिमेवर असलेल्या पेशव्याने हे पथ्य पाळलं असतं का, कोण जाणे. शिवाय आतड्याची वाट आधीच बुजली असेल तर गोळ्यांनी भागत नाही, शस्त्रक्रिया लागते, आणि १७७२मध्ये भूलही नव्हती.

आनंदीबाईंचा हिशेब त्यामानाने सरळ आहे. चिठ्ठी त्यांना वाचता आली असती, कारणही समजलं असतं. पदवीदानाच्या आठवड्यात, ११ मार्च १८८६च्या सुमारास पहिली गोळी घेतली असती, तर शेवटची सप्टेंबरात, मायदेशी निघण्याआधीच संपली असती.