मुरगाव बंदर

मुरगाव बंदर : गोव्यातील प्रमुख बंदर. जुवारी नदीच्या मुखाशी, दक्षिण काठावर वसलेले. वास्को द गामा शहर त्याला अगदी खेटून आहे. कोळसा, लोहखनिज, इंधन, खत कारखान्यांना लागणारी रसायने असा माल येथे हाताळला जातो आणि हंगामात पर्यटकांची क्रूझ जहाजेही लागतात. पूर्वी कारभार मुरगाव पोर्ट ट्रस्टकडे होता. २०२१ च्या प्रमुख बंदर प्राधिकरण कायद्यानंतर तो मुरगाव बंदर प्राधिकरणाकडे आला.

मुरगावचे महत्त्व पोर्तुगीजांनी लवकर ओळखले होते. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या स्वारीने हादरलेल्या विजरईने (पोर्तुगीज राज्यपालाने) गोव्याची राजधानीच येथे हलवण्याचा घाट घातला होता. तो तडीस गेला नाही. आजच्या बंदराची पायाभरणी मात्र १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतरची आहे. त्यातून लाटा अडवणारा बांध, धक्के आणि घाट चढून माथ्यावरच्या कॅसलरॉक स्थानकाला जाणारा लोहमार्ग उभा राहिला. लोहमार्ग १८८८ मध्ये सुरू झाला. बंदर आणि रेल्वे हे जोडकाम होते, आणि मुरगावची भरभराट कायम घाटमाथ्यावरच्या मुलखाशी बांधलेली राहिली. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ पोर्तुगालच्या आश्रयाने येथे नांगरलेल्या जर्मन जहाजांपैकी ‘एहरेनफेल्स’वर कलकत्त्याच्या हौशी घोडदळातील मध्यमवयीन गोऱ्यांनी मार्च १९४३ मध्ये छापा घातला. ही हकिकत खूप वर्षे गुप्त होती. गोवामुक्तीनंतर १९६३ मध्ये मुरगावला प्रमुख बंदराचा दर्जा मिळाला.

खनिजाची वाहतूक हे या बंदराचे सर्वांत वेगळे अंग. खाणीतला माल ट्रकने नदीकाठी येई, तेथून बार्जमध्ये (सपाट तळाच्या मालवाहू नौकांत) भरला जाई आणि मांडवी-जुवारीच्या प्रवाहाने बंदरात पोचे. पावसाळ्यात आग्वादजवळचा वाळूचा दांडा मांडवीचे तोंड धोक्याचे करतो. तेव्हा बार्ज कुंभारजुवेच्या कालव्यातून जुवारीत उतरत. उघड्या किनाऱ्यावरची बंदरे पावसाळ्यात थंडावतात, मुरगाव मात्र बांधाच्या आडोशाने बारमाही चालते. १९७९ पासून यांत्रिक प्रकल्पाने खनिज भरणे सुरू झाले. त्याची क्षमता तासाला ८ हजार टन होती. मोठ्या जहाजाला मात्र पूर्ण भरून धक्क्यावरून निघता येत नसे, कारण प्रवेशमार्गाची खोली १४.४ मीटरच. मग ते अर्धेअधिक भरून बाहेर खोल पाण्यात जाई आणि उरलेला माल बार्ज तेथे नेऊन देत.

२०१०-११ मध्ये बंदराची उलाढाल सुमारे ५ कोटी टनांवर गेली होती आणि त्यात सिंहाचा वाटा लोहखनिजाचा होता. २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींवर बंदी आली. २०१४ मध्ये ती वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेवर उठली, पण सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्याने मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा थांबल्या. एकाच मालावर उभे राहिल्याची किंमत बंदराने आणि त्याहून जास्त बार्जवाले, ट्रकवाले, खलाशी यांनी मोजली.

आज कोळसा हा मुख्य माल. जहाज आले की बंदराचा पायलट (वाट दाखवणारा नाविक) दोरशिडीने चढतो, टग म्हणजे ओढणाऱ्या छोट्या बोटी जहाजाला धक्क्याशी लावतात, आणि हॅच (मालकोठीचे झाकण) उघडून क्रेनचा ग्रॅब म्हणजे पंजा कोळसा उपसू लागतो. तळाशी ग्रॅबला न गवसणारा माल लहान लोडर आत उतरवून एका जागी ओढावा लागतो. मग कोळसा रेल्वेने सह्याद्रीतल्या ब्रगांझा घाटातून कर्नाटकातील बल्लारी भागातील पोलाद कारखान्यांकडे जातो; चढ ३७ला १ (३७ मीटर अंतरात १ मीटर उंची) असल्याने मागून इंजिने ढकलायला लागतात. ढिगाऱ्यांवर पाणी फवारतात, वारा अडवणारे पडदे लावतात. तरी बंदराजवळच्या बायणा, सडा आणि वास्कोच्या घरांत काळी धूळ बसते, ही रहिवाशांची जुनी तक्रार. शहराच्या कुशीतल्या बंदरात हा प्रश्न केवळ फवाऱ्यांनी सुटणारा नाही. प्रवेशमार्ग १९.८ मीटरपर्यंत खोल करण्याच्या योजनेला जनसुनावणी न घेता दिलेली पर्यावरण मंजुरी राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये रद्द केली. पुढच्या वर्षी वास्कोत सुनावण्या झाल्या तेव्हा मच्छीमार आणि रहिवाशांनी बंदरविस्ताराला कडाडून विरोध केला. धक्क्याची जागा आणि नदीमुख त्यांचेही आहे, हे म्हणणे रास्तच आहे.

क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. येथे वेळेला फार किंमत असते. जहाज पहाटे येते आणि बहुधा संध्याकाळी निघते, त्यामुळे धक्का आधीच राखून ठेवावा लागतो. परदेशी जहाजाच्या प्रवाशांची इमिग्रेशन आणि कस्टम तपासणी झटपट उरकावी लागते, तर दाराशी बस आणि टॅक्सी उभ्या असाव्या लागतात. बहुतेकांची फेरी जुने गोवे, मंगेशी आणि मसाल्याच्या बागांपर्यंत असते. जहाजाला गोडे पाणी, इंधन, शिधा पुरवणे आणि कचरा उतरवून घेणे ही बंदराची दुसरी बाजू. देशांतर्गत क्रूझही येथे येतात : २०१८ मध्ये ‘आंग्रीया’ मुंबईहून आली आणि २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’च्या फेऱ्या सुरू झाल्या. धक्काभाडे आणि इतर शुल्क बंदराला मिळते, पण दिवसाच्या फेरीचा पैसा टॅक्सीवाले, वाटाडे आणि हॉटेलवाल्यांच्या हातात थेट पडतो.