नावाचा शिक्का वेगळा, भावाचा वेगळा

"जीआय आहे ना त्याला, म्हणजे शेतकऱ्याला योग्य भाव मिळतोच." हे वाक्य मी अलिबागच्या कॅफेत ऐकलंय, रत्नागिरीत बागायतदारांच्या मेळाव्यात ऐकलंय आणि मालवणात पर्यटकांना कापुचिनो देणाऱ्या पोरांच्या तोंडूनही ऐकलंय. दर वेळी ते तितक्याच आत्मविश्वासाने म्हटलं जातं आणि दर वेळी ते तितकंच चुकीचं असतं. कॅफेच्या फळीवर कॉफीची पाकिटं मांडलेली असतात. एकावर भौगोलिक मानांकनाचा म्हणजे जीआयचा उल्लेख असतो, दुसऱ्यावर काळ्या चौकोनात हात उंचावलेली फेअरट्रेडची म्हणजे रास्त व्यापाराची निळी-हिरवी आकृती. दोन्ही चिन्हं सज्जन दिसतात. म्हणून मालकही त्यांना एकाच वाक्यात बसवतो आणि गिऱ्हाईकही मान डोलावतं.

जीआय म्हणजे काय हे कोकणात शिकवायला नको. २०१८ मध्ये हापूसला मानांकन मिळालं, तेव्हापासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांबाहेरच्या आंब्याला ते नाव लावता येत नाही. देवगड मोठा की रत्नागिरी, हा वाद आपण त्यानंतरही सोडलेला नाही, तो भाग वेगळा. कोकमाला मानांकन आहे, वेंगुर्ल्याच्या काजूला आहे. कॉफीतही तेच: २०१९ मध्ये कूर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुदनगिरी अरेबिका, वायनाड रोबस्टा आणि अराकू खोऱ्यातली अरेबिका अशा पाच कॉफींना ते मिळालं (अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती). मान्सून्ड मलबारला त्याच्या आधीच मिळालं होतं. ती कॉफी किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर फुगवतात. आपल्याकडे ज्या हवेने पापड सादळतात त्याच हवेवर कुणी धंदा उभा केलाय, याचं मला अजून कौतुक वाटतं.

फेअरट्रेडची गोष्ट दुसरीकडची. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मेक्सिकोतल्या छोट्या कॉफी उत्पादकांच्या मालासाठी असं पहिलं लेबल निघालं. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची, कुठल्या देशाने किती कॉफी निर्यात करायची हे ठरवणारी कोटा पद्धत मोडली आणि जगभर कॉफीचे भाव कोसळले. १९९७ मध्ये निरनिराळ्या देशांतली लेबलं एका संघटनेखाली आली, तिचं मुख्यालय जर्मनीत बॉनला.

किरकोळ फरक एका दमात उरकतो. जीआय सरकारी कायद्याने मिळतं, फेअरट्रेड हे खासगी मानक आहे. जीआयची नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते आणि दहा वर्षांनी नूतनीकरण लागतं. फेअरट्रेडला ठरावीक काळाने ऑडिट होतं. दोन्हींचा खर्च येतो. आणि कप चांगला लागेल याची हमी दोन्हींपैकी कुणीच देत नाही. करपवलेली जीआय कॉफी मी प्यायलोय आणि पाणचट फेअरट्रेडही.

आता जिथे सगळे घसरतात ती जागा. जीआय सांगतं, हे नाव कोण वापरू शकतो. माल कुठला, कशा पद्धतीचा, एवढंच ते बघतं. तो माल कितीला विकला गेला, पैसे कधी मिळाले, पिकवणाऱ्याच्या हाती किती पडले, याबद्दल जीआयच्या कायद्यात एक ओळ नाही. उलट १९९९ च्या त्या कायद्यातली उत्पादकाची व्याख्या एकदा काढून वाचा. शेतमाल पिकवणारा तिच्यात येतोच, पण त्यावर प्रक्रिया करणारा येतो, तो पाकिटात भरणारा येतो आणि त्याचा व्यापार करणाराही येतो. म्हणजे एका गुंठ्याचीही बाग नसलेला माणूस रीतसर जीआयचा अधिकृत वापरकर्ता होऊ शकतो. यात बेकायदा काही नाही, कारण कायदा नावाच्या रक्षणासाठीच केलेला आहे. मूळ नाव शाबूत राहिलं की बाजारात भाव चढतो हे खरं. चढलेला भाव कुणाच्या खिशात जातो, हे मात्र त्या शिक्क्यावरून कळत नाही.

फेअरट्रेडचा सगळा जीव सौद्यात आहे. धुतलेल्या, म्हणजे पाण्याने गर काढून वाळवलेल्या अरेबिकाचा किमान भाव २०२३ च्या ऑगस्टपासून पौंडाला १ डॉलर ८० सेंट आहे, त्याआधी तो १ डॉलर ४० सेंट होता. बाजारभाव याच्या वर गेला तर बाजारभाव द्यायचा, खाली गेला तर हा किमान भाव. त्यावर पौंडामागे २० सेंटचा प्रीमियम वेगळा. तो उत्पादकांच्या संस्थेकडे जातो आणि कशावर खर्चायचा हे सभासद मतदानाने ठरवतात. आपल्या ओळखीच्या भाषेत हा हमीभाव झाला, फक्त तो सरकार देत नाही, खरेदीदार करारात लिहून देतो. २००१ मध्ये जागतिक भाव ४५ सेंटच्या आसपास लोळत होता, तेव्हा त्या कलमाची किंमत कळली. २०२५ च्या सुरुवातीला भाव ४ डॉलरच्या वर गेला, तेव्हा तेच कलम नुसतं कागदावर राहिलं.

नाव आणि भाव या वेगळ्या गोष्टी आहेत हे इथिओपियाने धडधडीत दाखवलं. यिर्गाचेफे, सिदामो, हरार ही नावं जगभरच्या कॅफेंत महागड्या पाकिटांवर झळकत होती. २००५ मध्ये त्या देशाने अमेरिकेत या नावांसाठी ट्रेडमार्कचे अर्ज केले. जीआयचा रस्ता त्यांना सुचवला गेला होता, त्यांनी तो नाकारला. लाखो छोट्या तुकड्यांत पिकणाऱ्या कॉफीचं प्रत्येक पोतं कुठलं हे तपासत बसणं सरकारला परवडणारं नव्हतं. अमेरिकेतल्या कॉफी व्यापाऱ्यांच्या संघटनेने विरोध केला, स्टारबक्सशी जाहीर भांडण झालं आणि २००७ मध्ये करार होऊन ते मिटलं. लक्षात घ्या, हे सगळं भांडण नावासाठी होतं. नाव ताब्यात आलं तर सौद्यात आपला हात वर राहील, असा त्यामागे हिशेब होता. अमुक किलोला अमुक पैसे, असा किमान भाव त्यातून लिहून मिळाला नाही.

आता आपल्या बागेत या. हापूसला मानांकन मिळून वर्षं लोटली, तरी वाशीच्या घाऊक बाजारात पेट्या पाठवणाऱ्या बागायतदाराला भाव अजून पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, हातात आली की कळतो. पेटी कलमावरून उतरते, गाडीत चढते, विकली जाते, हमाली-भाडं कापलं जातं आणि मग आकडा येतो. कर्नाटकाचा आंबा देवगडच्या खोक्यात भरणाऱ्याला जीआयने चाप लावता येईल, आणि लावायलाच हवा. पण बागायतदाराचा गळा बहुतेक वेळा दुसऱ्याच दोरीत अडकलेला असतो, तिचं नाव उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. भर पावसाळ्यात कल्टार (मोहोर यावा म्हणून कलमांना देतात ते औषध) घालायचं असतं, मग मोहोर वाचवायला तुडतुड्यावर आणि थ्रिप्सवर फवारण्या. पैसा तेव्हा लागतो आणि आंबा येतो पुढच्या वर्षी. हा मधला काळ अनेक ठिकाणी दलालाच्या उचलीवर निघतो. ज्याची उचल, त्याच्याच गाळ्यावर माल. दलालाला शिव्या घालणं सोपं आहे, पण कलमांना पैसा लागतो त्या वेळी दारात तोच उभा असतो, हेही खरं.

म्हणून फेअरट्रेडच्या नियमांतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं कलम किमान भावाचं नाही, आगाऊ रकमेचं आहे. कॉफीत उत्पादकांच्या संस्थेने मागणी केली तर कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम माल जहाजावर चढण्याआधी मिळण्याची त्यात तरतूद आहे. कॅफेतल्या फलकांवर, पाकिटांच्या मागच्या गोड गोड मजकुरात या कलमाबद्दल कुणी चकार शब्द लिहीत नाही. तिथे हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो असतो. ज्याने एकदा उचल घेऊन बाग राखली आहे त्याला विचारा, मानांकनाचा स्टिकर हवा की गरजेच्या वेळची बिनजाचक रक्कम हवी. उत्तर काय येईल हे मी सांगत बसत नाही.

आता फेअरट्रेडवाल्यांनीही फार फुगू नये. १ डॉलर ८० सेंट हा भाव संस्थेला जहाजावर चढवलेल्या मालासाठी मिळतो. सभासदाच्या हातात पडतात ते त्यातून वाहतूक, प्रक्रिया आणि संस्थेचा खर्च वजा जाऊन. प्रमाणित संस्थेचा सगळा माल फेअरट्रेड म्हणून उचलला जातोच असंही नाही, उरलेला साध्या बाजारात साध्या भावाने जातो. आणि कॅफेत बारा तास उभ्या असलेल्या पोराच्या पगाराशी त्या शिक्क्याचा काहीही संबंध नाही. त्या बाबतीत इंडियन कॉफी हाऊस कधीच पुढे गेलं होतं: १९५७ मध्ये कामगारांनी सहकारी संस्था काढून हॉटेलं स्वतःच चालवायला घेतली. त्यांच्या पाकिटावर कुठला शिक्का आहे हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

आणि एक चीड बोलून टाकतो. 'फेअरट्रेड कॉफी, साठ रुपये जास्त' असं लिहिणारे मेनू. हिशेब करा. डबल शॉटला १८ ग्रॅम भाजलेली कॉफी लागते, भाजताना वजन घटतं म्हणून हिरवी साधारण साडेएकवीस ग्रॅम. पौंडाला १ डॉलर ८० सेंट आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर एका कपामागे कॉफीचे सात-सव्वासात रुपये होतात. भाव ४ डॉलरवर असतानाही सोळा. आणि ज्या प्रीमियमच्या नावाने पावती फुगते तो एका कपाला ऐंशी पैसे. प्रमाणपत्राचा आणि परवान्याचा खर्च वर धरला तरी साठ रुपये कुठून आले, हे काउंटरवर विचारायला लाजू नका. जागेचं भाडं, वीज, एसी, लाटांसमोरची खुर्ची यांचे पैसे घ्या, जरूर घ्या, पण शेतकऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून घेऊ नका.

उलट्या बाजूची चूकही सांगायला हवी, कारण शहाणे लोक ती करतात. चिकमगळूरच्या एखाद्या इस्टेटच्या पाकिटावर फेअरट्रेड दिसलं नाही की ते नाक मुरडतात. आंतरराष्ट्रीय फेअरट्रेडच्या नियमांनुसार कॉफीचं प्रमाणपत्र फक्त छोट्या उत्पादकांच्या संस्थांनाच मिळतं. मोठ्या मळ्याने मजुरांना कितीही चांगलं वागवलं तरी त्याला तो शिक्का लावता येत नाही. त्यामुळे शिक्का नाही याचा अर्थ मालक मजूर पिळतो असा होत नाही. तिथे मजुरी, राहण्याची सोय, दवाखाना हे वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

राहता राहिला तिसरा भिडू, 'थेट शेतकऱ्याकडून' ही खडूने लिहिलेली पाटी. तिला कायदाही नाही आणि ऑडिटही नाही. कधी ती दोन्ही शिक्क्यांपेक्षा खरी असते, कधी निव्वळ खडू. मला आवडतो तो कॅफे, जिथे मालक शेताचं किंवा संस्थेचं नाव, किलोचा दिलेला भाव आणि पैसे आगाऊ दिले की माल आल्यावर, या तीन गोष्टी विचारल्याबरोबर सांगतो. शिक्का असो वा नसो, मी त्याच्याकडे दुसरा कप घेतो. तुमच्या गावातल्या आमसुलाच्या, काजूच्या दुकानातही हेच विचारून बघा. काजूचं नाव वेंगुर्ल्याचं आहे का, हे जीआय सांगेल. ती बी बागेतून कितीला उचलली, हे दुकानदारालाच विचारावं लागेल.