कृषी विस्तार झाला म्हणजे कम्युनिकेशन झालं?

"विस्ताराचा पेपर आहेच की, मग कम्युनिकेशनचं मायनर कशाला?" शेतीची पदवी करणाऱ्यांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर लिहूनच ठेवतो.

विस्तार, म्हणजे तपासलेलं तंत्र शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याचं काम, तुम्हाला पाठ आहे: शिफारस, प्रात्यक्षिक, शिवारफेरी, अवलंब. मायनरमध्ये, म्हणजे पदवीसोबत घ्यायच्या जोडविषयात, साधारणपणे बातमीलेखन, संपादन, माध्यमांचा अभ्यास, थोडा कॅमेरा. प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक ही संवादाचे अभ्यासक डेव्हिड बर्लो यांची १९६० सालची चौकट दोन्हीकडे भेटते आणि घोळ तिथेच होतो. चौकट एक, म्हणून विषयही एकच असं वाटतं. (मायनर म्हणजे भाषणकौशल्य, असं समजणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.)

फरक असा की विस्तारात उत्तर आधीच ठरलेलं असतं. वाण चांगलं आहे, तंत्र तपासलेलं आहे. आता ते शेतकऱ्याने घ्यायचं. घेतलं की काम फत्ते. न घेणाऱ्यासाठी समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांच्या 'नवं कोण किती लवकर घेतं' या वर्गवारीत शेवटचा १६ टक्क्यांचा कप्पा आहे, रेंगाळणाऱ्यांचा. नावातच निकाल लागला! चूक त्या माणसाची, वाणाची नाही. अर्थात कधीकधी ती खरंच माणसाची असते. रॉजर्स स्वतः आयोवातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव, पदवीही शेतीचीच. त्यांच्या वडिलांनी संकरित मका लावायला नकार दिला होता. १९३६च्या दुष्काळात त्यांचा मका वाळला, शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला. म्हणून विस्ताराला मी नावं ठेवत नाही. पण १९६०च्या दशकात चिलीत शेतकऱ्यांमध्ये काम करताना ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांना 'विस्तार' हा शब्दच खटकला. जाणत्याने अजाणत्यापर्यंत ज्ञान नेऊन पोचवायचं, असं त्यात गृहीत धरलेलं. समोरच्यालाही काही कळतं, याला जागाच नाही.

कम्युनिकेशनमध्ये उत्तर ठरलेलं नसतं, शिफारसही तपासायची असते. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी घ्या. २०१६मध्ये आफ्रिकेत दिसली, २०१८मध्ये भारतात. विस्तार कार्यकर्ता सांगेल: पोंगा (झाडाच्या मधली गुंडाळलेली कोवळी पानं) तपासा, किती झाडं खाल्ली ते मोजा, त्यावरून फवारणी ठरवा. बातमीदार विचारेल: ही इतक्या झपाट्याने पसरली कशी, सुचवलेलं औषध शेतात खरंच चालतंय का, ते कोण विकतंय? त्याचा वाचक शेतकरीच असेल असंही नाही; मक्यावर कोंबड्या पाळणारा असेल किंवा भाव बघणारा व्यापारी. तो वाचकाला बांधील, शिफारस करणाऱ्याला नाही. शेतीच्या विद्यार्थ्याला हे जड जातं, कारण आपली सगळी तालीम शिफारस मानण्याची. बातमीत 'शेतकऱ्यांनी काळजी घ्यावी' असं शेवटचं वाक्य आपसूक उतरतं. ते खोडायला शिकणं, हे माझ्या मते मायनरचं अर्धं काम.

विषय निवडताना बातमीलेखन आणि संपादन आधी घ्या. कॅमेरा फोनवर चार दुपारीत जमतो. जनसंपर्काचा कोर्स मात्र शेवटी ठेवा, नाही घेतला तरी चालेल. तो इस्त्री केलेला विस्तारच असतो.