वीस वर्षांच्या अनुभवाऐवजी केस इंटरव्ह्यू: कन्सल्टिंगमधली निवड कशी बदलत गेली

प्लेसमेंटचा हंगाम जवळ आला की पुण्या-मुंबईतल्या एमबीए होस्टेलांच्या व्हरांड्यात रात्री उशिरापर्यंत केस इंटरव्ह्यूचा सराव चालतो. इतर कंपन्यांना धंद्याचा सल्ला देणाऱ्या सल्लागार कंपन्या ही मुलाखत घेतात. त्यात धंद्यातला एखादा प्रश्न समोर ठेवून उमेदवार तो कसा सोडवतो ते बघतात. एक जण विचारतो, ‘दादर स्टेशनबाहेर दिवसाला किती वडापाव खपत असतील?’ दुसरी कागद पुढे ओढते. वडापावच्या गाड्या किती, गर्दीचे तास किती, मिनिटाला गिऱ्हाइकं किती, असं मोठ्यानं बोलत गुणाकार करत जाते. आकडा तंतोतंत यावा अशी कुणाचीच अपेक्षा नसते. ती कुठे अडते आणि चुकलेलं गृहीतक स्वतःहून बदलते का, ते बघायचं असतं.

निवडीची ही रीत मुळापासून नव्हती. जेम्स मॅकिन्झी हे शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी 1926 मध्ये सल्लागार कंपनी काढली, तेव्हा या धंद्यात मान होता तो कारखाना किंवा कचेरी चालवून आलेल्या माणसाला. सल्ला द्यायचा तर केस थोडे पिकलेले हवेत, अशी समजूत होती, आणि ती काही वेडगळ नव्हती.

ती मोडली मार्विन बॉवर यांनी. मूळचे वकील. महामंदीच्या काळात क्लीव्हलंडच्या एका वकिली फर्ममध्ये असताना बुडालेल्या कंपन्यांची पुनर्रचना त्यांच्याकडे आली. तिथे त्यांना दिसलं, की कंपनी का बुडतेय हे खालच्या माणसांना बहुतेक वेळा ठाऊक होतं. पण साहेबाला सांगायची कुणाची छाती नव्हती आणि साहेबही विचारत नव्हता. माझ्या मते या व्यवसायाचं बीज इथे आहे. 1933 मध्ये ते मॅकिन्झीत आले आणि पुढे सतरा वर्षं, 1950 ते 1967, त्यांनी कंपनी चालवली. गिऱ्हाइकाला न पटणारी गोष्टही तोंडावर सांगणं हे सल्लागाराचं कर्तव्य, असं ते मानत. पोशाखाबाबतही कडक, साठीचं दशक सुरू होईपर्यंत त्यांच्या सल्लागारांच्या डोक्यावर हॅट असायचीच.

1953 मध्ये कंपनीनं अनुभवी माणसांऐवजी हार्वर्डमधून नुकतेच एमबीए झालेले तरुण घ्यायला सुरुवात केली. त्याच सुमारास ‘वर चढा, नाहीतर बाहेर पडा’ हा नियमही रुजला, म्हणजे बढती मिळवा, नाहीतर नोकरी सोडा. या निर्णयानं नवाच पेच उभा राहिला. वीस वर्षांचा अनुभव अर्जावर वाचता येतो, पण पंचविशीतल्या पोराची बुद्धी कशी वाचायची? ती समोर बसवून, चालताना बघावी लागते. आजचा केस इंटरव्ह्यू मला या पेचाचंच अपत्य वाटतो.

पुढे 1963 मध्ये ब्रूस हेंडरसन यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपची सुरुवात केली. बाजारातला वाटा आणि वाढीचा वेग यांची चार चौकटींत मांडणी करणारा त्यांचा तक्ता गाजला, आणि विश्लेषणाची ताकद हीच विकायची वस्तू झाली.

त्याच वर्षी बार्बरा मिंटो मॅकिन्झीत रुजू झाल्या, तिथल्या पहिल्या महिला एमबीए. 1966 मध्ये त्यांना लंडनला पाठवलं गेलं, युरोपातल्या सहकाऱ्यांचं लेखन सुधारायला. अडचण भाषेची नाही, विचारांच्या मांडणीची आहे, हे तिथे त्यांनी ओळखलं. आधी उत्तर, मग कारणं, प्रत्येक कारणाखाली पुरावा. कारणं एकमेकांवर चढू नयेत आणि एकही सुटू नये. आज मुलाखतीत ‘स्ट्रक्चर’ म्हणून जे तपासतात ते बरंचसं या बाईंचं देणं आहे, आणि उमेदवारांना त्यांचं नाव माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

मुंबईत ए. एफ. फर्ग्युसनसारख्या हिशेबतपासनिसांच्या फर्ममधून सल्ल्याचं काम आधीपासून चाले. उदारीकरणानंतर, 1993 मध्ये मॅकिन्झी आणि 1996 मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप मुंबईत आले, आणि त्यांच्याबरोबर निवडीची ही पद्धतही आली.

सरावात गणित आणि मांडणी भरपूर होते. बॉवर ज्यासाठी धडपडले, ते माणसांना विचारणं आणि तोंडावर खरं सांगणं, मागे पडतं. म्हणून मी मुलांचा सराव घेताना शेवटी वडापावच्या गाडीचा मालक होतो आणि म्हणतो, ‘तुमचा आकडा चूक आहे.’ बहुतेक जण गडबडून पुन्हा गुणाकार करतात. गेल्या वर्षी एका मुलीनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘काका, रात्री गाडी बंद करताना पाव किती उरतात?’