जुन्या मोटारीसाठी इंधननिवड

जुन्या मोटारीसाठी इंधननिवड : कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या किंवा जुन्या मानकांनुसार बनलेल्या मोटारींचा आज पंपावर मिळणाऱ्या इंधनाशी मेळ घालण्याची रीत. मराठवाड्यात अशा गाड्या म्हणजे मुख्यतः प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर, सुरुवातीच्या काळातली मारुती ८०० आणि डिझेलवरच्या महिंद्रा जीप व टेम्पो ट्रॅक्स. पंपावर निवडीला फारसा वाव नसतो. साधे पेट्रोल घ्यायचे की महागडे, एवढेच मालकाच्या हाती असते; खरे काम गॅरेजमध्ये करावे लागते.

ऑक्टेन अंक जितका जास्त, तितके पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटायला नाखूश. अँबेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचे संपीडन गुणोत्तर (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) सातच्या थोडे वर, मारुती ८००चे नऊच्या आत. ही इंजिने ज्या काळातली, त्या काळी पंपावर ८७ आणि ९३ ऑक्टेनचे पेट्रोल मिळे. आजचे साधे पेट्रोलच किमान ९१ ऑक्टेनचे आहे, शिवाय इथेनॉलचा अंक १०८च्या आसपास असल्याने मिश्रणात तो आणखी चढतो. अशा इंजिनात महागडे पेट्रोल ओतल्याने ताकद वाढत नाही. फार तर त्यातल्या डिटर्जंटचा थोडा उपयोग होतो. चढावर इंजिन खटखटत असेल तर आधी ठिणगीचे टायमिंग तपासावे, मग सिलिंडर हेडमधला कार्बन आणि शेवटी पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळल्याची शंका. ऑक्टेनला दोष देणे हा सोपा पण बहुधा चुकीचा निष्कर्ष असतो.

शिशाचा प्रश्न वेगळा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले. शिशाची संयुगे ऑक्टेन वाढवत, तसेच एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीची (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेची) झीजही रोखत. ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये थेट कापलेल्या बैठका शिशाशिवाय हळूहळू झिजतात आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट पुन्हा पुन्हा कमी होते. हेड उघडण्याची वेळ आलीच, तर कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे हा कायमचा उपाय. गावातल्या गावात सावकाश फिरणाऱ्या गाडीला मात्र त्याची घाई नसते.

सध्याची मोठी अडचण इथेनॉलची आहे. ज्या उसावरून मराठवाड्यात पाण्याचे वाद पेटतात, त्याचाच एक भाग आसवनीतून इथेनॉल होऊन मोटारीच्या टाकीत येतो. २०२२ मध्ये देशाने सरासरी १० टक्के मिश्रण गाठले आणि २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून मायलेज घटते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकींसाठी ही घट ६ ते ७ टक्के धरली आहे. घटीपेक्षा घातक गोष्ट म्हणजे पातळ मिश्रण, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडणे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी तो ओळखून इंधन वाढवते, कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) मात्र तेवढेच सोडते. इंजिन अडखळते, व्हॉल्व्ह तापतात. मेन जेट एक नंबर मोठा करून आयडलिंग नीट लावले की बराचसा त्रास जातो.

त्याआधी रबर पाहावे. जुन्या नळ्या, पंपाचा डायफ्रॅम आणि कॉर्कची पॅकिंगे इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात. गळणारे पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडले तर आग लागू शकते, म्हणून या कामात कंजूषी नको. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या आणि फ्लोरोरबरच्या सील बसवाव्यात. नव्या इंधनाने टाकीच्या तळाचा जुना गंज व गाळही सुटतो. सुरुवातीला फिल्टर लवकर बदलावा लागतो.

परभणी-नांदेडकडच्या मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, तेव्हा इंजिनाला चिकटलेल्या एसी पंपात (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या यांत्रिक पंपात) पेट्रोलची वाफ होऊन गाडी मध्येच बंद पडते. पंपावर ओले फडके टाकणे हा चालकांचा जुना इलाज खराच लागू पडतो. नळी एक्झॉस्टपासून लांब नेणे त्याहून बरे. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत दुसरा धोका असतो. इथेनॉल ओलावा शोषते आणि पाणी मर्यादेपलीकडे गेले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. मराठवाड्याची कोरडी हवा इथे थोडी कामी येते, पण पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवू नये.

भेसळीची शंका आल्यास पंपावर फिल्टर पेपर मागता येतो. शुद्ध पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून जातो. १५ अंश तापमानाला पेट्रोलची घनता घनमीटरला ७२० ते ७७५ किलो असावी लागते. भर उन्हात मोजलेला आकडा तक्त्यावरून १५ अंशांवर आणल्याशिवाय भांडण काढू नये.

डिझेल जीपांचे काम सोपे आहे. एप्रिल २०२० पासून डिझेलमधले गंधक दहा लाखांत १० भागांवर आले. गंधक काढताना इंधनाची नैसर्गिक वंगणक्षमता घटते, मात्र मानकात वंगणक्षमतेची अट असल्याने ती उणीव पंपावर येण्यापूर्वीच भरून काढलेली असते; टाकीत टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल ओतण्याची गरज नाही.