सामाईक तार: प्रशांत महासागरातल्या बेटांच्या डिजिटल धोरणाची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२३ मध्ये पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्स्बी इथे प्रशांत महासागरातल्या बेट-देशांचे माहिती तंत्रज्ञान मंत्री जमले. तिथे मंजूर झालेल्या जाहीरनाम्याला त्यांनी ‘लागातोइ’ हे नाव दिलं. लागातोइ म्हणजे तिथल्या मोटू लोकांचं शिडाचं मोठं गलबत, कोरीव होड्या शेजारी शेजारी बांधून केलेलं. मोटू लोक त्यात मातीची मडकी भरून आखाताच्या पलीकडे जायचे आणि परतताना साबुदाण्याच्या ताडाचं पीठ घेऊन यायचे. (आपला उपासाचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, मूळचा तो या ताडाचा.) एकाकडे मडकी होती, दुसऱ्याकडे अन्न, म्हणून दोघांच्या मधल्या समुद्रासाठी नाव बांधली गेली. प्रादेशिक सहकार्याला याहून चपखल नाव सापडणं कठीण.

पण गेल्या वीस वर्षांतला हा काही पहिला जाहीरनामा नव्हे. आधीचे कुठे गेले आणि टिकलं ते काय, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

हा समुद्र ओलांडणारी पहिली तार आली ती बेटांसाठी नव्हतीच. १९०२ मध्ये ब्रिटिश साम्राज्याने कॅनडापासून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपर्यंत तारेची केबल टाकली. एवढ्या अंतरावर संदेश एका दमात पोचत नसे, म्हणून वाटेत ठाणी लागली: फॅनिंग बेट (आजच्या किरिबाटीतलं ताबुआएरान), फिजीचं सुवा, नॉरफोक. १९१४ च्या सप्टेंबरमध्ये जर्मन युद्धनौका ‘न्यूर्नबर्ग’ फॅनिंगला आली, खलाशांनी किनाऱ्यावर उतरून यंत्रं फोडली आणि तार तोडली. तार कोणाची आणि भांडण कोणाचं, याच्याशी बेटाचा काडीचाही संबंध नव्हता. पुढच्या शंभर वर्षांत हे पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं. मोठ्या देशांमधल्या रेषा बेटांवरून जातात. ज्याच्या दारात त्या टेकतात त्याचं नशीब उघडतं. २००० साली ऑस्ट्रेलिया-अमेरिका जोडणारी ‘सदर्न क्रॉस’ केबल सुव्याला टेकली आणि फिजी या भागाचं दळणवळणाचं नाकं बनलं. शेजारचे देश मात्र महागड्या उपग्रह-जोडणीवरच राहिले.

सहकार्याची खरी सुरुवात, माझ्या मते, मंत्र्यांनी नव्हे तर मास्तरांनी आणि डॉक्टरांनी केली. १९६८ मध्ये सुव्यात ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक’ उघडलं. आज बारा देश मिळून चालवतात असं हे विद्यापीठ. विद्यार्थी हजारो किलोमीटरवर विखुरलेले, विमानं मोजकी, टपाल आठवड्यांचं. त्याच सुमारास अमेरिकेच्या नासाचा एटीएस-१ हा प्रायोगिक उपग्रह या समुद्रावर होता. १९६६ च्या डिसेंबरमध्ये सोडलेला, आणि मूळ प्रयोग उरकल्यावरही चालू असलेला. १९७१ पासून हवाई विद्यापीठाने त्याच्यावर ‘पीससॅट’ नावाचा प्रकल्प सुरू केला, आणि सुव्याचं विद्यापीठही त्याच उपग्रहावरून आपली केंद्रं जोडू लागलं.

ती जोडणी कशी होती, हे डोळ्यांसमोर आणून पाहण्यासारखं आहे. एका खोलीत रेडिओसंच, गच्चीवर किंवा अंगणात साधा अँटेना, हातात माइक. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एकाने बोलायला सुरुवात केली की बाकी सगळ्या बेटांनी गप्प बसून ऐकायचं. त्यामुळे शिकवणीचा तास कधी, डॉक्टरांचा सल्ला कधी, शेतीखात्याची बैठक कधी, हे आधी सगळ्यांनी मिळून ठरवावं लागे. हे वेळापत्रक म्हणजेच या प्रदेशाचं पहिलं सामाईक दूरसंचार धोरण, असं मी मानतो. त्यावर कोणाची सही नव्हती, पण ते मोडलं तर त्याच दिवशी सगळ्यांचं काम अडे.

१९८५ मध्ये एटीएस-१ ची सेवा संपली. उपग्रह दुसऱ्याचा, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? विद्यापीठाने मात्र धडा घेतला आणि पुढे जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्या मदतीने २००० साली ‘यूएसपीनेट’ हे स्वतःचं उपग्रह-जाळं नव्याने उभं केलं.

त्याच काळात सॉलोमन बेटांवर यादवीची धग होती. तिथे २००१ पासून ‘पीपल फर्स्ट नेटवर्क’ने गावोगावी ईमेल नेला, तोही टेलिफोनविना. दवाखान्यात किंवा शाळेत एक लॅपटॉप, सौर पॅनेल आणि शॉर्टवेव्ह रेडिओ. माणूस निरोप घेऊन येई, केंद्रचालक तो टाइप करी, आणि दिवसातून काही वेळा रेडिओ राजधानी होनिआराशी जोडून टपाल पाठवी आणि आणी.

सरकारी पातळीवरची कहाणी कागदावर भरगच्च आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘पॅसिफिक आयलंड्स फोरम’ने (तेव्हाचं ‘साउथ पॅसिफिक फोरम’, या भागातल्या सरकारांची संघटना) २००५ मध्ये ‘पॅसिफिक प्लॅन’ स्वीकारला, त्याच्या जोडीला प्रादेशिक डिजिटल धोरण आलं. २००६ मध्ये वेलिंग्टनचा जाहीरनामा, २०१० मध्ये टोंगात नवा कृती-आराखडा. भाषा जवळपास तीच: स्वस्त जोडणी, प्रशिक्षित माणसं, एकसारखे कायदे.

अडचण हेतूची कधीच नव्हती, माणसांची होती. तुवालूची लोकसंख्या सुमारे अकरा हजार, निउएची दोन हजारांच्याही आत. एवढ्या देशात रेडिओलहरींचं वाटप, मोबाइल परवाने, दरनिश्चिती, सायबर कायदा हे सगळं एकदोन अधिकाऱ्यांच्याच टेबलावर येतं. समोर बसलेल्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. कॅरिबियन समुद्रातल्या पाच छोट्या देशांनी यावर धाडसी तोड काढली. २००० साली तह करून त्यांनी ‘एक्टेल’ ही दूरसंचारावर देखरेख ठेवणारी सामाईक संस्था काढली. डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट किट्स-नेव्हिस, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट. प्रशांतातल्या देशांनी इतकं पुढचं पाऊल टाकलं नाही. सुव्यात विद्यापीठाच्या आश्रयाने नियामकांसाठी सल्ला देणारं एक केंद्र निघालं, तेही जागतिक बँकेच्या पैशावर. एक तर अंतरं अफाट, आणि बऱ्याच सरकारांना आपल्या टेलिफोन कंपनीच्या मक्तेदारीचं उत्पन्न सोडवत नव्हतं. मोबाइलमधली स्पर्धा आली ती एकेका देशात: सामोआ, पापुआ न्यू गिनी, टोंगा, वानुआतू, फिजी. शेजाऱ्याकडे फोन स्वस्त झालेला पाहून पुढचा तयार झाला. सामाईक ठरावांपेक्षा हा शेजार जास्त कामाला आला.

सायबर सुरक्षेचं उदाहरण मनाला लागतं. संगणकांवरच्या हल्ल्यांत मदत करणारं ‘पॅकसर्ट’ नावाचं प्रादेशिक केंद्र सुव्याच्या विद्यापीठातच निघालं होतं. पैशाअभावी काही वर्षांतच ते बंद पडलं. मग टोंगाने २०१६ मध्ये स्वतःचं पथक काढलं, २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पाठबळावर ‘पॅकसन’ हे नवं जाळं आलं, आणि त्याच वर्षी नाउरूत झालेल्या ‘बोए’ जाहीरनाम्याने सायबर सुरक्षेला प्रादेशिक सुरक्षेच्या व्याख्येत जागा दिली. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये वानुआतूच्या सरकारी संगणक-जाळ्यावर हल्ला झाला आणि सुमारे महिनाभर कचेऱ्या कागद-पेनावर, खासगी ईमेलवर चालल्या. जुनं केंद्र तगलं असतं तर हा हल्ला टळला असता असं नाही. पण अशा वेळी कोणाला फोन करायचा याची सवय तोवर दहा वर्षांची झाली असती.

दरम्यान केबलींना राजकारण चिकटलं. सॉलोमन बेटांनी केबलचं काम चीनच्या हुआवेशी जोडलेल्या कंपनीला दिलं होतं. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाने मध्ये पडून बहुतांश खर्च उचलला आणि सिडनीहून पोर्ट मोर्स्बी व होनिआराला जाणारी ‘कोरल सी’ केबल टाकली. नाउरू, किरिबाटी आणि मायक्रोनेशियासाठीच्या केबलची निविदा २०२१ मध्ये रद्द झाली, आणि वर्षअखेरीस अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया पैसे घेऊन पुढे आले. केबल मिळाली याचा आनंद बेटांना असणारच, पण निर्णय कोणाच्या टेबलावर झाला हा प्रश्न उरतो. म्हणूनच मला सामोआ, निउए, कुक बेटं आणि फ्रेंच पॉलिनेशिया यांनी मिळून उभी केलेली ‘मानातुआ’ केबल मोलाची वाटते. तिथेही बाहेरची मदत आहे, पण करार शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा आहे, आणि २०२० मध्ये ती चालू झाली.

आणि १५ जानेवारी २०२२. टोंगाजवळ हुंगा टोंगा-हुंगा हाआपाई ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि फिजीला जोडणारी ८२७ किलोमीटरची एकुलती एक केबल तुटली. लाखभर लोकांचा देश गप्प झाला. ऑकलंड, सिडनीतल्या नातेवाइकांना घरचे जिवंत आहेत की नाही हे कळेना. परदेशातून येणाऱ्या पैशावर ज्या देशाचं घर चालतं, तिथे तो पैसा पोचण्याची वाटही तीच तार होती.

दक्षिण प्रशांतातल्या केबल-मालकांनी वर्गणी काढून दुरुस्तीचं जहाज सामाईक ठेवलं आहे. तार कोणाचीही तुटो, जहाज तेच. त्या दिवशी ‘रिलायन्स’ नावाचं ते जहाज पोर्ट मोर्स्बीत होतं. राखेने आणि गाळाने भरलेल्या समुद्रात त्याने केबलची टोकं शोधली, ऐंशीहून अधिक किलोमीटरचा तुकडा नव्याने घातला, आणि २२ फेब्रुवारीला टोंगाची मुख्य बेटं पुन्हा जगाशी जोडली गेली. उत्तरेकडच्या वावाउ बेटांपर्यंतची देशांतर्गत केबल जुळायला मात्र सुमारे दीड वर्ष लागलं.